एकेक आजार बरा होत गेला, तरी मरण का चुकत नाही?

नदीकाठ (धागाकर्ता)

'मरण कुणाला चुकलंय' असं आपण सहज म्हणून जातो. पण ते का चुकत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा 'निसर्गनियम' या एका शब्दावर थांबतं. तो नियम आतून कसा चालतो, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेगने घरंच्या घरं रिकामी केली. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच साथीत १० मार्चला गेल्या. तोच प्लेग आज वेळेत ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. तरीही सर्वाधिक जगलेल्या माणसाची नोंद फ्रान्सच्या झान कालमाँ यांच्या नावावरच आहे: १२२ वर्षं १६४ दिवस, मृत्यू १९९७. त्यापुढे अजून कुणी गेलेलं नाही. सरासरी दुपटीहून वाढली आणि शेवटची हद्द मात्र जिथल्या तिथे, असं का?

अध्यात्माच्या अंगाने लिहिलेलं वाचायला आवडेलच, पण या धाग्यावर शरीराबद्दल बोलू या, ही विनंती.

आकडेमोड

आधी सरासरीचं बघू, निम्मा गोंधळ तिथेच आहे. समजा दहा बाळं जन्मली. त्यातली चार पहिल्या वर्षातच गेली आणि सहा जण बरोबर ६५ व्या वर्षी गेले. सरासरी येते ३९. प्रत्यक्षात ३९ व्या वर्षी एकही जण गेलेला नाही. त्या चार बाळांना लस, स्वच्छ पाणी आणि जुलाबात मीठ-साखरेचं पाणी मिळालं असतं, तर सरासरी ६५ झाली असती. म्हातारपण मात्र एका दिवसानेही लांबलं नसतं. गेल्या शतकातल्या वाढीचा मोठा वाटा असा लहान मुलं वाचल्याचा आहे.

आता म्हातारपणाचं गणित. लंडनमध्ये विम्याचं गणित करणाऱ्या बेंजामिन गॉम्पर्ट्झने १८२५ साली दाखवलं, की वय वाढतं तसा मरणाचा वार्षिक धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या माणसांत तिशीनंतर हा काळ साधारण ८ वर्षांचा आहे. ४० ते ८० या काळात पाच वेळा दुप्पट: २, ४, ८, १६, ३२. ऐंशीच्या माणसाचा धोका चाळिशीतल्या माणसाच्या ३२ पट. देश किंवा काळ बदलला की सुरुवातीचा आकडा खाली-वर होतो, दुपटीचा वेग फारसा हलत नाही.

एखादा आजार पुसून टाकला तरी हाती थोडंच लागतं, ते यामुळे. अमेरिकेच्या आकड्यांवर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितात सगळे कर्करोग नाहीसे झाले असं धरलं, तरी सरासरी आयुर्मान जेमतेम ३ वर्षांनी वाढलं. जो ७८ व्या वर्षी कर्करोगाने जाणार होता, त्याचं हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडंही ७८ वर्षांचीच असतात.

सूक्ष्मदर्शक

शेवटचं वाक्य हृदय आणि मेंदूच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः खरं आहे, पण सगळं शरीर एका वयाचं नसतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ३ ते ५ दिवसांत बदलतात. रक्तातली तांबडी पेशी १२० दिवस चालते. ती घट भरून काढायला अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी बनवते. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र पंचविशीत वर्षाला १ टक्का नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे जन्मभर जगूनही निम्म्याहून जास्त पेशी जुन्याच राहतात. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला, अन्नातून तो नव्या पेशींच्या डीएनएत उतरला, आणि त्यावरून स्वीडनच्या संशोधकांनी पेशींची जन्मवर्षं काढली (२००९). मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशी तर जन्मापासूनच्याच असतात.

म्हातारपण डोळ्यांनी पाहायचं असेल तर डोळ्यातच पाहावं. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. भिंग आरपार दिसावं म्हणून तिथल्या पेशींनी आपलं केंद्रक टाकून दिलेलं असतं. केंद्रक गेलं की दुरुस्तीचा आराखडाही गेला. सत्तर वर्षं ऊन आणि साखर झेलून ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात, पिवळी पडतात, मग तपकिरी. बाहुलीमागे दिसणारा तो मळकट पिवळा ढग म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवता येतं. हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशींना तशी सोय नाही.

बदलणाऱ्या पेशीही कायम बदलत राहत नाहीत. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिकने दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी बशीत वाढवल्या तर ४० ते ६० वेळा दुप्पट होऊन थांबतात. त्याआधी अ‍ॅलेक्सिस कॅरेलच्या प्रयोगशाळेत १९१२ पासून जपलेल्या कोंबडीच्या हृदयाच्या पेशींमुळे सगळ्या पेशी अमर आहेत, असंच मानलं जायचं. इतर कुणालाच ते जमलं नाही. खाद्य म्हणून घातलेल्या अर्कातून ताज्या पेशी आत जात असाव्यात, असं आता मानतात.

थांबण्याचं एक कारण गुणसूत्राच्या टोकाशी आहे. तिथे 'टीटीएजीजीजी' ही सहा अक्षरं हजारो वेळा ओळीने येतात. त्या टोकाला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना दर खेपेला साधारण ५० ते १०० अक्षरं गळतात. टोक फारच आखूड झालं की पेशी विभाजन बंद करते. अशी थांबलेली पेशी गप्पही बसत नाही, शेजारी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. म्हातारपणी जखम हळू भरते, सांधे कुरकुरतात, त्यात याचाही हात असतो.

शनिवारपेठी

टेलोमिअर पुन्हा लांब करणारं विकर शरीरात आहे ना, टेलोमरेज? ते सगळीकडे चालू केलं तर? नेटवर त्याच्या गोळ्याही विकतात.

सूक्ष्मदर्शक

गोळ्या घेऊ नका. हे विकर चालू राहिलेल्या पेशी चांगल्या ओळखीच्या आहेत: ८५ ते ९० टक्के कर्करोगांत ते चालू असतं. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही वाढताहेत. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातही तो 'हेला' वाण आहे. ती बाई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, ३१ व्या वर्षी गेली. पेशीने मरायचं नाकारलं, म्हणून तिचं शरीर गेलं.

मुळात पेशींनी वेळेवर मरावं, यावरच शरीर उभं आहे. गर्भात हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तेव्हा पाच बोटं सुटी होतात.

आणि टेलोमिअर हे एकमेव घड्याळ नाही. उंदराची टोकं आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि तो २-३ वर्षंच जगतो.

पाणवेल

कुणीतरी हायड्राचं विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. तळ्यातल्या पाणवनस्पतींच्या पानाखाली लटकणारा, काही मिलिमीटरचा, दोऱ्यासारखा जीव. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार वर्षं पाळूनही त्यांचा मृत्युदर वयानुसार वाढला नाही. गॉम्पर्ट्झचा नियम त्याला लागू होत नाही. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षं काम झालंय, एका स्थानिक वाणाला 'हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे' असंच नाव आहे.

त्याला हे जमतं, कारण मधल्या धडातल्या मूळपेशी सतत दुभंगत असतात. नव्या पेशी दोन्ही टोकांकडे सरकतात आणि जुन्या शुंडकांच्या टोकातून व पायातून गळून पडतात. साधारण तीन आठवड्यांत सगळं अंग नवं. चेतापेशीसुद्धा.

तेच आपल्या मेंदूत करून पाहा. दर तीन आठवड्यांनी चेतापेशी बदलल्या, तर आईचा चेहरा, पाढे, पोहणं हे सगळं कुठे राहील? आठवण पेशींच्या एकमेकींशी जुळलेल्या जोडण्यांत असते. जोडणी टिकवायची तर पेशी टिकवावी लागते, आणि टिकवलेली पेशी जुनी होते. माझ्या मते या धाग्याच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच आहे. आपण 'आपण' राहतो, त्याची ही किंमत आहे. म्हणून 'हृदय बदलू, मूत्रपिंड बदलू' ही वाट शेवटी मेंदूपाशी येऊन संपते.

माळरान

पुढच्या पिढीला जागा व्हावी म्हणूनच निसर्गाने मरण ठेवलंय, हे इतकं सोपं आहे.

पाणवेल

ऐकायला बरं वाटतं, पण उत्क्रांती तशी चालत नाही. समजा दहा जीव इतरांसाठी वेळेवर मरतात आणि अकरावा थोडा जास्त जगून दोन पिल्लं अधिक देतो. काही पिढ्यांत अकराव्याचेच वंशज सगळीकडे दिसतील. 'सोय म्हणून मरण' टिकूच शकत नाही.

खरं कारण दुर्लक्षाचं आहे. पीटर मेडावर (१९५२) म्हणाला: रानात बहुतेक जीव म्हातारे व्हायच्या आधीच थंडी, भूक, शिकारी यांच्या तावडीत सापडतात. त्यामुळे उतारवयात त्रास देणारी जनुकं गाळली जातच नाहीत, त्यांचा उपद्रव दिसायच्या आत ती मुलांकडे गेलेली असतात. जॉर्ज विल्यम्सने १९५७ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: तरुणपणी उपयोगी असलेलं जनुक पुढे बाधलं तरी ते टिकतंच. त्याचंच उदाहरण, कॅल्शियम हाडात भराभर बसवणारं जनुक उद्या तेच धमनीच्या भिंतीत बसवू लागलं तर. १९७७ मध्ये टॉम कर्कवुडने हिशेब पूर्ण केला: खाल्लेलं अन्न दुरुस्तीला घालायचं की पिल्लांना? उद्या घुबड उचलून नेणारच असेल, तर उंदराने दहा वर्षं टिकणारं शरीर बांधणं हा तोटा.

वटवाघळाकडे बघा. उंदराहून हलकं, पण उडून जीव वाचवतं. सायबेरियात साधारण ७ ग्रॅम वजनाचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडल्याची नोंद आहे. ज्याचा बाहेरचा धोका कमी, त्याच्या शरीरात दुरुस्ती जास्त.

आकडेमोड

यात एक भर. म्हातारपण पूर्ण थांबलं तरी मरण थांबत नाही. समजा वय कितीही झालं तरी धोका दरवर्षी हजारात १ एवढाच राहिला. तरी ६९३ वर्षांत निम्मे लोक गेलेले असतील: रस्ता, वीज, पूर, साथ. धोका शून्य असेल तरच मरण टळेल, आणि शून्य धोका असलेली जागा पृथ्वीवर नाही.

तपासनीस

मृत्यूच्या दाखल्याच्या बाजूने लिहितो, कारण 'कशाने गेले' याचं उत्तर तिथे रोज चुकतं. वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयात नमुना ४ वर आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ४अ वर असतं. पहिल्या भागात साखळी लिहायची: (अ) लगेचचं कारण, (ब) ते कशामुळे, (क) आणि तेही मुळात कशामुळे. दुसऱ्या भागात हातभार लावणारे बाकीचे आजार. नीट लिहिलेली साखळी अशी दिसते: (अ) रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, २ दिवस, (ब) घास श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया, ६ दिवस, (क) अर्धांगवायू, ५ महिने. दुसऱ्या भागात मधुमेह. प्रत्येकापुढे किती काळ, तेही.

सर्रास होणारी चूक म्हणजे (अ) मध्ये 'हृदय व श्वसन बंद' लिहून मोकळं होणं. ते तर प्रत्येक मेलेल्या माणसाचं बंद असतं. ते मरण्याचं लक्षण झालं, कारण नव्हे.

दुसरी चूक घरच्यांच्या गळ्याशी येते. आजी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली, तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेली. मूळ कारण पडणं आहे, म्हणजे मृत्यू अपघाती, आणि पोलिसांना कळवावं लागतं. हे लपवून दाखला घेण्याचा प्रयत्न करू नका, आयत्या वेळी सगळं अडतं.

आता 'वार्धक्य'. शवविच्छेदनात म्हातारपण नावाचा अवयव सापडत नाही, सापडते ती संपलेली शिल्लक. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता वर्षाला सरासरी मिनिटामागे १ मिलिलिटरने घटते. फुप्फुसं एका सेकंदात बाहेर टाकू शकतात ती हवा वर्षाला २५-३० मिलिलिटरने कमी होते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके ढोबळमानाने २२० वजा वय. रोजच्या चालण्या-बोलण्याला एवढं सगळं लागतच नाही, म्हणून घट जाणवत नाही. मग ८६ व्या वर्षी लघवीचा साधा संसर्ग होतो. ताप, गुंगी, दोन दिवस पाणी पोटात नाही, रक्तदाब खाली, मूत्रपिंडं बसली. तिशीत ही पाच दिवसांच्या गोळ्यांची गोष्ट. शिल्लक नसली की तेवढंच पुरतं.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढचा प्रश्न. शिल्लक संपत आली आहे, हे घरच्यांनी कसं ओळखायचं, आणि तेव्हा काय करायचं, काय टाळायचं?

उशाशी

आठवडे उरलेले असताना झोप वाढते, जेवण दोन घासांवर येतं, गप्पांतलं लक्ष उडतं. दिवस उरलेले असताना गिळणं जातं आणि लघवी थोडी, गडद होते. शेवटच्या एक-दोन दिवसांत श्वासाची लय बदलते: खोल, आणखी खोल, मग उथळ, मग १०-२०-३० सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा सुरू. गुडघ्यांवर आणि तळपायांवर जांभळट नक्षी उमटते. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला फार लागते, पण माणूस तोवर बहुधा शुद्धीत नसतो.

सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते: भरवणं. शरीर थांबू लागल्यावर भूक आपोआप जाते. जेवत नाही म्हणून माणूस जात नसतो, तो जायला लागलेला असतो म्हणून जेवत नाही. गिळता येत नसताना चमचाभर पेज घातली तर ती फुप्फुसात जाते. गंगाजल द्यायचं असेल तर तुळशीचं पान त्यात बुडवून ओठांवर टेकवा. तेवढं पुरे, चमच्याने ओतू नका.

सलाइनचंही तेच. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं प्रथिन, घसरलेलं असतं, त्यामुळे ५०० मिलिलिटरची बाटली लावली की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. ते पायात सूज आणि छातीत घरघर होऊन बसतं. तोंड कोरडं पडतं त्यावर उपाय वेगळा: स्वच्छ कापूस किंवा गॉज ओला करून, घट्ट पिळून, दर दोन तासांनी हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू पुसायची. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. ऑक्सिजन नळीने चालू असेल तर व्हॅसलीन नको, पाण्यावर आधारलेलं मलम लावा. घरघरीला कुशीवर वळवणं आणि उशाकडची बाजू सुमारे ३० अंश वर. घशात खोल नळी घालून ओढत बसू नका, त्याने स्राव वाढतो आणि रक्त येतं. दर दोन तासांनी कूस बदला, टाचांखाली मऊ गुंडाळी ठेवा.

वेदना आणि धाप यांना तोंडाने घ्यायचं मॉर्फीन उत्तम. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. 'मॉर्फीनने लवकर जातील' ही भीती योग्य मात्रेत खरी नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने ते मिळणं सोपं व्हायला हवं होतं, तरी अजून सगळ्या दुकानांत मिळत नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी मोफत. शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आधीच नाव नोंदवा.

आणि बोलत राहा. ऐकू येणं बराच वेळ शाबूत राहू शकतं, त्यामुळे खाटेपाशी दाखल्याची आणि पैशांची चर्चा नको.

शनिवारपेठी

आणि प्राण गेल्यावर? सगळे गोंधळलेले असतात.

उशाशी

पहिला तास महत्त्वाचा. स्नायू सैल व्हायलाही ऊर्जेचा रेणू लागतो. श्वास थांबल्यावर तो तयार होत नाही, म्हणून २ ते ४ तासांत पापण्या, जबडा, मान यांपासून ताठरपणा सुरू होतो. १२ तासांत सगळं अंग ताठ. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. तेव्हा आधीच डोळे मिटवा, हनुवटीखालून पट्टी बांधा, हातपाय सरळ करा.

नेत्रदान करायचं असेल तर ६ तासांच्या आत. नेत्रपेढीला लगेच फोन करा, पंखा बंद, एसी असेल तर चालू, डोक्याखाली उशी, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांची अडचण नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब व क, रक्ताचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. काम १५-२० मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही.

शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांना बोलावून ४अ घ्या, त्याशिवाय दहनाचा पास अडतो. नोंदणी २१ दिवसांच्या आत, नंतर विलंबशुल्क, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव आधार कार्डावरचंच अक्षरशः लिहून द्या. स्पेलिंगमधल्या एका अक्षराने पुढे बँकेत महिनोन्महिने जातात.

पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी घेणार असाल तर छातीत पेसमेकर आहे का, ते आधी सांगा आणि डॉक्टरांकडून काढून घ्या. त्यातली लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते.

तपासनीस

एक राहिलं, ते जिवंतपणीच करायचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपण बोलू शकत नसताना निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावं त्यात स्पष्ट घाला. वेळ येते तेव्हा रुग्णालयाचं मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, मत देतं आणि मग दुसरं मंडळ ते तपासतं. प्रत कपाटात कुलूपबंद ठेवू नका. घरच्या डॉक्टरांकडे एक, आणि रात्री दोन वाजता ज्याला फोन जाणार आहे त्याच्याकडे एक.